पिस्तुलावरचं नाव

मंडळी, कुठल्याही संग्रहालयात शस्त्रांच्या दालनात गेलात तर एक करून पाहा. काचेआडच्या वस्तूकडे बघण्याआधी तिच्याखालची पाटी वाचा. तलवार असेल तर ती कुणा सरदाराची ते लिहिलेलं असतं. पिस्तूल असेल तर बहुतेक वेळा एवढंच : ‘पिस्तूल, ब्रिटिशकालीन, लोखंड व लाकूड.’ ग्रंथालयात ज्ञानेश्वरीच्या प्रतीवर ‘पुस्तक, कागद व शाई’ अशी चिठ्ठी लावावी, त्यातलाच हा प्रकार. गंमत म्हणजे जे पाटीवर नसतं ते वस्तूवर असतं. चष्मा नीट पुसून बघितलं तर नळीवर किंवा चापाच्या पट्टीवर बारीक वळणदार अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं दिसतं, कधी गावाचंही. ते वाचून पाटीवर उतरवायला किती वेळ लागतो?

शाळेत असताना सातवीच्या मुलांना घेऊन अशाच एका संग्रहालयात गेले होते. माहिती सांगणारे गृहस्थ चांगले बोलत होते. एका मुलाने एका जोडीच्या पिस्तुलांकडे बोट दाखवून विचारलं, “हे कोणी बनवलं?” गृहस्थ म्हणाले, “इंग्रजांनी.” मुलगा म्हणाला, “सगळ्यांनी मिळून?” बाकीची पोरं हसली, मीही हसले. पण प्रश्न अगदी सरळ होता आणि त्याला उत्तर आहे. ते मी पुढे हळूहळू वाचून गोळा केलं. घरातले म्हणतात, या वयात हिला पिस्तुलांचं काय वेड लागलं. वेड पिस्तुलांचं नाही, नावांचं आहे.

तर नावं. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला लंडनमध्ये जे कारागीर होते, त्यांची बरोबरी त्यांच्या आधी क्वचित झाली असेल. रॉबर्ट वॉग्डन हा द्वंद्वाच्या पिस्तुलांसाठी प्रसिद्ध. अमेरिकेत १८०४ साली उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या एरन बरने अलेक्झांडर हॅमिल्टनला मारलं, ती जोडी वॉग्डन आणि बार्टन यांची. डर्स एग हा जन्माने स्विस, लंडनला येऊन युवराजापर्यंत पोचला. हेन्री नॉक याने इंग्रज आरमारासाठी सात नळ्यांची बंदूक बनवली. ती उडवणाऱ्याच्या खांद्याचं काय होत असेल ते त्यालाच ठाऊक. आणि जोसेफ मँटन. हा सगळ्यांचा गुरू. पर्डी, बॉस, लँग ही पुढे नावारूपाला आलेली माणसं याच्याच दुकानात हात बसवून बाहेर पडली. मँटनचं १८२६ मध्ये दिवाळं निघालं आणि १८३५ मध्ये तो गेला. त्याचा एक मुलगा तोवर कलकत्त्याला आला होता, आणि मँटन हे नाव तिथल्या दुकानावर त्याच्यामागेही टिकलं. शिष्य श्रीमंत आणि गुरू कर्जात, हा प्रकार आपल्याकडच्या गवयांना नवा वाटणार नाही.

या माणसांनी नेमकं केलं काय, ते समजून घेतल्याशिवाय नावाचं मोल कळत नाही. जुनी बंदूक तोड्याची : पेटता दोर कानाला लावायचा आणि बार काढायचा. पाऊस आला की संपलं. मग चकमकीचा चाप आला. घोड्याच्या चिमटीत गारेचा तुकडा, समोर पोलादी पट्टी. बोटाने चाप दाबला की गार पट्टीवर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकेवर पडतात, रंजक पेटते, तिची ज्योत बारीक छिद्रातून नळीत जाते आणि मग मुख्य बार होतो. एवढं सगळं डोळ्याचं पातं लवण्याच्या आत व्हायला हवं. जराशी ओल, बोथट गार, गंजलेलं छिद्र, यांपैकी काहीही झालं की नुसता ‘फुस्स’. मँटनसारख्यांनी या एका क्षणावर आयुष्य घातलं. छिद्राला सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा वेढा बसवला, म्हणजे ते दारूने झिजू नये. पट्टीखालच्या स्प्रिंगला इवलंसं चाक लावलं, म्हणजे घर्षण कमी. पाणी आत जाऊ नये म्हणून वाटीची घडण बदलली. नळ्या घोड्याच्या नालांचे जुने खिळे आणि पोलाद एकत्र करून, पट्ट्या पिळून, तापवून, गुंडाळून केलेल्या. वर मुद्दाम चढवलेला तपकिरी गंज, म्हणजे चमकणार नाहीत आणि पुढचा गंजही धरणार नाहीत. घरात कुऱ्हाड किंवा विळा घडवून घेतलेल्या कोणालाही पटेल की हे काम सोपं नाही.

शेवटी त्या ‘फुस्स’वर कायमचा उपाय शोधला तो कारागिराने नव्हे, एका पाद्र्याने. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा अलेक्झांडर फोर्सिथ. त्याला शिकारीचा नाद, आणि त्याच्या लक्षात आलं की वाटीतली ज्योत दिसताच पाणपक्षी बुडी मारतात. मग त्याने ठिणगीऐवजी ठोक्याने पेटणारी दारू वापरली आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे तांब्याची केप आली, जी आमच्या भागातल्या ठासणीच्या बंदुकीवर मी लहानपणी पाहिली आहे. एका पाद्र्याची बदकं हुकली आणि जगभरच्या फौजांची हत्यारं बदलली.

आता माझा खरा मुद्दा. इंग्रज कारागिराचं नाव राहिलं आणि आपल्या लोहाराचं राहिलं नाही, याचं कारण तो जास्त हुशार होता असं नाही. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये लंडनच्या बंदूककारांच्या संघाला सनद दिली. त्यातला एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. नळी तयार झाली की ती विकण्याआधी परीक्षेला न्यायची. तिथे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दारू ठासून ती उडवायची. फुटली तर कारागिराचं नशीब. टिकली तर तिच्यावर मुकुटाचा शिक्का. बर्मिंगहॅमला असं परीक्षागृह १८१३ मध्ये कायद्याने झालं. म्हणजे बघा, नळीवरचं नाव आणि शिक्का ही मिरवायची गोष्ट नव्हती, निदान सुरुवातीला नव्हती. उद्या ही हातात फुटली तर कोणाला धरायचं, याची ती नोंद होती. सोनाराच्या दागिन्यावर आता हॉलमार्क बघतो ना आपण, तसंच.

आणि आमच्याकडे? ठासणीची बंदूक फुटून हाताची बोटं गेलेला एक म्हातारा मी स्वतः पाहिलेला आहे, डोंगराकडच्या पाड्यावरचा. बंदूक कोणी घडवली होती हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. ‘नशीब’ म्हणून मोकळा झाला. थोडं विषयांतर होईल, पण आमच्या वसई-विरार भागात इमारत कोसळते तेव्हाही तेच होतं. आधी माणसं काढायची, मग बांधणाऱ्याचं नाव शोधत बसायचं. ज्या वस्तूमुळे माणूस मरू शकतो तिच्यावर करणाऱ्याचं नाव असलं पाहिजे, हे मला वाटतं चारशे वर्षांपूर्वी त्यांना कळलं होतं.

अर्थात त्या नावाच्या मागेही बरंच झाकलेलं आहे, आणि तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी इंग्रजांची आरती ओवाळते आहे असं आमचे काही आप्त म्हणतील. (म्हणतातच.) ‘मँटन, लंडन’ असं कोरलेलं पिस्तूल मँटनने एकट्याने केलेलं नसे. नळी वळणारा वेगळा, ती आतून कोरणारा वेगळा, चाप घडवणारा वेगळा, त्याला कानस मारणारा वेगळा, अक्रोडाचा दस्ता बसवणारा वेगळा, नक्षी काढणारा वेगळा. कित्येक सुटे भाग बर्मिंगहॅमच्या आसपासच्या छोट्या गावांतून यायचे. बर्मिंगहॅमच्या एका वस्तीत सगळी घरं याच धंद्यात. १८०४ ते १८१५ या अकरा-बारा वर्षांत त्या एका शहराने सतरा लाखांहून जास्त बंदुका सरकारला दिल्या. त्या कानस मारणाऱ्यांची नावं कुठे आहेत? तीही गेली, आपल्या लोहारासारखीच.

त्याच शहरात सॅम्युअल गॅल्टन नावाचा मोठा बंदूककार होता. धर्माने क्वेकर. क्वेकर म्हणजे युद्ध पाप मानणारा पंथ. याच्या बंदुका युद्धात जायच्या, आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारातही जायच्या. पंथाच्या मंडळींनी त्याला जाब विचारला. त्याचं उत्तर वाचण्यासारखं आहे. तो म्हणाला, धंदा वाडवडिलांकडून आला, आणि तुम्ही तरी काय वेगळे? युद्धाचा कर तुम्हीही भरता. जो तो कुठेतरी युद्धाला हातभार लावतोच. मंडळींना ते पटलं नाही, १७९६ मध्ये त्यांनी त्याला पंथाबाहेर काढलं. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. पण हा वाद झाला कशामुळे? बंदुकीवर गॅल्टनचं नाव होतं म्हणून. ज्याचं नाव आहे त्यालाच जाब विचारता येतो.

आता कोणी म्हणेल, लंडन-बर्मिंगहॅमच्या गोष्टी कामणला बसून कशाला? तर ऐका. पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले, आणि ते लोक तर आमच्या वसईत दोनशे वर्षं ठाण मांडून होते. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये त्यांना काढलं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतरचं १७८० साल मात्र कोणी सांगत नाही, पाठ्यपुस्तकातही दोन ओळींत आटपतं. मी शिकवताना मुद्दाम थांबायची.

वडगावला जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची नाचक्की झाली. त्यानंतर मराठ्यांशी युद्ध चालू ठेवावं की नाही यावर कलकत्त्याच्या कौन्सिलात भांडण पेटलं. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज म्हणे चालू ठेवा, फिलिप फ्रान्सिस म्हणे नको. मध्ये समझोता झाला, फ्रान्सिसने विरोध करायचा नाही असं ठरलं. मग शिंद्यांच्या मुलखावरच्या स्वारीला त्याने विरोध केला आणि हेस्टिंग्जने त्याला सरळ कागदावर खोटा ठरवलं. फ्रान्सिसने द्वंद्वाचं आव्हान दिलं. १७ ऑगस्ट १७८० च्या पहाटे अलीपूरला झाडाखाली दोघे चौदा पावलांवर उभे राहिले. साक्षीला आलेल्या कर्नल पीअर्सने लिहून ठेवलंय की फ्रान्सिसने जन्मात पिस्तूल उडवलेलं नव्हतं आणि हेस्टिंग्जनेही एकदा-दोनदाच. फ्रान्सिसची दारू दमट निघाली. झालाच तो ‘फुस्स’! पीअर्सने स्वतःकडची काडतुसं दिली. मग दोघांनी जवळजवळ एकदमच बार काढले. फ्रान्सिसचा चुकला, हेस्टिंग्जचा त्याच्या उजव्या बाजूला लागला. फ्रान्सिस वाचला, पण युद्धाला अडवणारा माणूस खाटेवर पडला आणि डिसेंबरात इंग्लंडला निघून गेला. तोवर त्याच ऑगस्टमध्ये ग्वाल्हेर पडलं होतं, आणि ११ डिसेंबरला जनरल गॉडर्डपुढे आमची वसई.

वसई पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ डिसेंबरला, आमच्या पूर्वेला डोंगरापलीकडे दुगाडला लढाई झाली. दुगाड आज भिवंडी तालुक्यात येतं. वसईच्या मदतीला निघालेल्या मराठी फौजेला कर्नल हार्टलेने तिथे उंचवट्यांवर तोफा ठेवून अडवलं होतं. रामचंद्र गणेश कानडे पहाटेच्या धुक्याचा फायदा घेऊन चालून गेले. धुकं अचानक फाटलं, समोर तोफांची तोंडं. रामचंद्र गणेश तिथेच पडले. डिसेंबरातलं इथलं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी आठला समोरचा कामणदुर्ग नाहीसा झालेला असतो, आणि पाच मिनिटांत कोणीतरी पडदा ओढावा तसा उभा राहतो. सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये वसई परत मिळाली, मग १८०२ च्या शेवटच्या दिवशी इथेच दुसऱ्या बाजीरावाने सही केली. तो वेगळा, दुःखाचा विषय. सांगायचं एवढंच की कलकत्त्याच्या दमट दारूचा आणि आमच्या धुक्याचा संबंध आहे, आणि तो जोडणारी वस्तू म्हणजे चकमकीचं इंग्रजी हत्यार.

आपण बंदुका बनवत नव्हतो असं नाही. महादजींच्या फौजेसाठी द बॉइन्यने आग्र्याला कारखाना उभारला. तिथे विलायतेच्या तोडीची बंदूक दहा रुपयांत तयार व्हायची. १८०३ मध्ये असईला जिंकलेल्या, शंभराच्या घरातल्या शिंद्यांच्या तोफा बघून वेलस्लीने त्यांचं कौतुक केलं होतं. पण त्या आग्र्याच्या कारखान्यातलं एकच नाव आज सांगता येतं : सँगस्टर. स्कॉटिश माणूस. बाकी भट्टीवर बसणारे, नळ्या वळणारे शेकडो हात इथलेच असणार, त्यांतलं एकही नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. मग १८७८ चा शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवाना हवा, गोऱ्याला नको. उरलेसुरले कारागीरही त्यात विळे-कोयते घडवायला लागले. आणि तिकडे त्याच इंग्लंडात आपल्या वाघांसाठी खास ‘हौदा पिस्तुलं’ बनत होती : आखूड, जाड नळीची, वाघ हत्तीवर चढलाच तर अंगाला टेकवून झाडायला. हौदा आपला, वाघ आपला, हत्ती आपला, पिस्तूल लँकेस्टरचं!

आता घरातली गोष्ट, जी लिहू नये असं एक-दोघांनी सुचवलं. आमच्या नात्यातलं एक जुनं घर काही वर्षांपूर्वी इमारतीसाठी पाडायला काढलं. माळ्यावरच्या पेटाऱ्यात तळाला गोणपाटात गुंडाळलेलं एक पिस्तूल निघालं. कोपरापासून मनगटापर्यंत लांब, दस्त्याला वाळवी, टोकाला पितळेची टोपी, बाकी सगळा गंजाचा गोळा. कसं आलं ते सांगणारं माणूस घरात उरलं नव्हतं. मला बोलावलं, कारण ‘काकूला इतिहासाचं कळतं’. चापाच्या पट्टीवर बोट फिरवलं तर खाली काहीतरी कोरलेलं लागत होतं. मोबाईलने फोटो काढून काही दिसेना. मग आपण शाळेत नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसं केलं. आणि कागदावर हळूहळू एक हृदय उमटलं. बदामाच्या आकाराचं, फुलीने चार भाग केलेलं, प्रत्येक भागात एकेक अक्षर : व्ही, ई, आय, सी. ईस्ट इंडिया कंपनीची खूण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही खूण जाऊन मुकुट धरलेला सिंह आला, तेव्हा हे पिस्तूल त्याच्या आधीचं, वसईच्या तहाच्या सुमाराचं किंवा त्याहूनही जुनं. बाजूला एका नावाची शेवटची अक्षरं उमटली : ई, टी, टी. लंडनच्या बार्नेट घराण्याचं नाव असंच संपतं. सुरुवातीची अक्षरं गंजाखाली होती. जाणकाराने हलक्या हाताने गंज काढला असता तर पूर्ण नाव निघालं असतं.

मग घरात जे झालं ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. परदेशातल्या भाच्याचं म्हणणं, “मामी, याचे लाखो येतील, कोणाला दाखवू नका.” दुसऱ्याचं, “इंग्रजांची घाण आहे ती, भंगारात टाका.” तिसऱ्याचं, “पोलीस दारात येतील, या वयात मला झेपायचं नाही.” मी म्हटलं, दोन दिवस थांबा, मी चौकशी करते. दोन दिवस कोणी थांबलं नाही. एका रात्री ते गोणपाटासकट खाडीत गेलं. माझ्याकडे उरला तो पेन्सिलीचा कागद. हे वाचून कोणी रागावलं तर रागवू दे. माझं म्हणणं मी तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं.

त्या तिघांपैकी कोणाच्याच भीतीला मी हसत नाही. मात्र प्रत्येकाला उत्तर आहे.

लाखांचं म्हणाल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे भाच्याचा लिलाव तिथेच संपला.

घाण म्हणाल, तर आपल्याला नको असलेला इतिहासही वाचल्याशिवाय फेकायचा नसतो. त्या एका हृदयात किती गोष्टी होत्या : एका व्यापारी कंपनीला स्वतःच्या खुणेची फौज होती, यावर विश्वास न ठेवणाऱ्या मुलाच्या हातात मी ते पिस्तूल दिलं असतं, बस्स. शिवाय दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, याच घरांतून हत्यारांना हळदकुंकू वाहतात. पूजेला चालतं आणि वाचायला चालत नाही, हा कुठला न्याय?

राहिली पोलिसांची भीती, आणि ती सगळ्यात खरी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पंचेचाळिसावं कलम म्हणतं की जुन्या, कालबाह्य धाटणीचं, पुरावस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही चालू शकणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. चांगलं आहे. पण ‘दुरुस्त करूनही’ हे ठरवणार कोण? गंजलेल्या गोळ्याकडे बघून माझ्यासारखी बाई ठरवू शकत नाही, आणि ठाण्यात नेऊन विचारायचं तर वाटेत ते हातात असतं! त्यात २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकालाही तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवण्याची मुभा राहिली, तेव्हा जुन्या घरांतून वाडवडिलांची हत्यारं बाहेर पडली असतील ती वेगळीच. भ्यालेला माणूस मग खाडी, विहीर नाहीतर भंगारवाला गाठतो. प्रत्येक वेळी एक नाव कायमचं पुसलं जातं.

मला वाटतं यावर करता येण्याजोगं सोपं आहे. प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून एक दिवस ठरवावा. पोलिसांचा हत्यारांचा जाणकार आणि पुरातत्त्व खात्याचा एक माणूस एका टेबलाशी बसावेत. लोकांनी आधी कळवून वस्तू आणावी, कोणीही ‘कुठून आणलंत’ असा दम न देता तिच्या खुणा, नाव, शिक्के नोंदवावेत, फोटो घ्यावेत. निकामी असेल तर तसा कागद देऊन परत द्यावी, नसेल तर निकामी करून घ्यावी किंवा संग्रहालयात ठेवावी, देणाऱ्याच्या नावासकट. पैसा फारसा लागत नाही. इच्छा लागते, हे वाक्य मला माहीत आहे की गुळगुळीत झालंय, पण दुसरं सुचत नाही.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी एकट्याने काय केलं ते आठवा. घरोघरच्या अडगळीतून अडकित्ते, दिवे, कुलपं, हत्यारं गोळा करत राहिले, आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह शासनाला देऊन टाकला. मुलाच्या आठवणीसाठी त्याला राजाचं नाव दिलं. स्वतः कविता लिहायचे त्या ‘अज्ञातवासी’ या नावाने. बिनानावाच्या कारागिरांच्या वस्तू जपणाऱ्याने हेच टोपणनाव घ्यावं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

तोवर तुमच्या-माझ्या हातात जे आहे ते करू. कोणाच्या माळ्यावर असं काही निघालं तर घाई नको. नळीच्या तोंडाशी डोळा नेऊ नका, घोडा ओढून बघू नका. शंभर वर्षांपूर्वी ठासलेला बार आत असू शकतो. घासकाम, लिंबू, चिंच, सँडपेपर बिलकूल नको, त्याने गंजाबरोबर अक्षरंही जातात. आधी ठाण्यात फोन करून लेखी कळवा, आणि माणूस येईपर्यंत पातळ कागद घेऊन चापाच्या पट्टीवर, नळीच्या वरच्या बाजूला आणि मुळाशी खालच्या अंगाला पेन्सिल फिरवा. शिक्के बहुतेक मुळाशीच असतात. पेन्सिल मऊ हवी, टू-बी मिळाली तर उत्तम, आणि तिरपी धरायची.